पानाच्या आत राहणारा भाडेकरू : बुरशीला स्वतःचं आयुष्य आहे हे सिद्ध करणारे अँटन डी बारी

खाडीकिनारी उगवलेल्या कांदळाचं एक पान तोडा. जाडसर, गुळगुळीत, गडद हिरवं, एकही डाग नसलेलं. आता ते नीट धुवा, स्पिरिट आणि ब्लीचसारख्या जंतुनाशकात बुडवून बाहेरून पूर्ण निर्जंतुक करा. त्याचे छोटे तुकडे कापा आणि काचेच्या बशीत, बटाट्याच्या अर्कापासून बनवलेल्या जेलीवर ठेवून द्या.

काही दिवसांनी तुकड्यांच्या कापलेल्या कडांमधून पांढरे, राखाडी, काळपट धागे बाहेर येऊ लागतात. ही बुरशी असते. पण पान तर बाहेरून निर्जंतुक केलं होतं! म्हणजे ती पानावर नव्हती, पानाच्या आत होती. झाड निरोगी दिसत असताना ती तिथे मुकाट्याने राहत होती.

अशा बुरशीला 'एंडोफाइट' म्हणतात. एंडो म्हणजे आत आणि फाइट म्हणजे वनस्पती. खारफुटीच्या झाडांमध्ये या एंडोफाइट बुरश्या मोठ्या संख्येने सापडतात आणि जगभरात त्यांच्यावर संशोधन सुरू आहे.

पण वनस्पतीच्या आत एखादा वेगळा जीव राहू शकतो, ही कल्पना एकेकाळी शास्त्रज्ञांनाही पटत नव्हती. ती पटवून देणारा माणूस होता जर्मनीचा अँटन डी बारी. एंडोफाइट हा शब्द वनस्पतीशास्त्रात रुजला तो त्यांच्या १८६६ च्या ग्रंथामुळे. आणि शाळेत आपण सगळ्यांनी शिकलेला 'सहजीवन' हा शब्द ज्या 'सिम्बायोसिस'चं मराठी रूप आहे, त्या शब्दाला अर्थ दिला तोही त्यांनीच.

डॉक्टर झाले, पण दवाखान्यात रमले नाहीत

हाइनरिश अँटन डी बारी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी फ्रँकफर्टमध्ये झाला. वडील डॉक्टर. घरात दहा मुलं. लहानपणीच अँटनला शहराबाहेर जाऊन वनस्पती गोळा करायचा नाद लागला. फ्रँकफर्टमधले डॉक्टर आणि वनस्पती अभ्यासक गेओर्ग फ्रेसेनियस यांच्या सहवासात त्यांना शेवाळं आणि बुरशी यांची गोडी लागली. बाकीचे लोक फुलं आणि वृक्ष पाहत होते, तेव्हा हा मुलगा सूक्ष्मदर्शकाखाली कुजकी पानं पाहत होता.

घरच्या वळणाप्रमाणे ते वैद्यकशास्त्र शिकले. हायडेलबर्ग, मारबुर्ग आणि शेवटी बर्लिन. १८५३ मध्ये ते डॉक्टर झाले, पण त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वनस्पतींमधलं लैंगिक प्रजनन. त्याच वर्षी, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी पिकांवरच्या काणी आणि तांबेरा या रोगांमधल्या बुरशीवर एक पुस्तक लिहिलं.

फ्रँकफर्टला परतून त्यांनी थोडा काळ डॉक्टरकी केली. पण १८५४ मध्ये ते ट्युबिंगन विद्यापीठात वनस्पतीशास्त्र शिकवायला गेले आणि १८५५ मध्ये फ्रायबुर्गला. त्यानंतर त्यांनी वैद्यकीकडे वळून पाहिलं नाही. तरी एक गोष्ट त्यांच्यासोबत राहिली. रोग म्हणजे नेमकं काय, हा डॉक्टरचा प्रश्न ते आता झाडांना विचारत होते.

आधी रोग की आधी बुरशी?

आज शेतकऱ्याला विचारलं की गव्हावर तांबेरा कशाने आला, तर तो बुरशीचं नाव घेईल. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उत्तर उलटं होतं.

झाडाच्या अंगातला रस बिघडतो आणि त्या बिघडलेल्या रसातून बुरशी आपोआप तयार होते, असं अनेक विद्वान मानत. ऑस्ट्रियाचे वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर यांनी १८३३ मध्ये हीच बाजू मांडली होती. अंगावर पुरळ उठावं तशी झाडावर बुरशी उठते, असा तो विचार. म्हणजे बुरशी हे रोगाचं कारण नाही, तर लक्षण. तिला स्वतःचं आयुष्य नाही, आईबाप नाहीत, बी नाही.

हा वाद फक्त पुस्तकी नव्हता. १८४५ मध्ये युरोपभर बटाट्याचं पीक काळं पडून कुजलं. आयर्लंडमध्ये गरीब माणूस जवळपास फक्त बटाट्यावर जगत होता. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे १० लाख माणसं भूक आणि रोगराईने मेली आणि निदान तेवढीच देश सोडून गेली. या संकटाला ब्रिटिश सरकारचं धोरणही जबाबदार होतं, पण सुरुवात झाली ती शेतातून. आणि शेतात नेमकं काय झालं होतं, यावर एकमत नव्हतं. कोणी पावसाळी हवेला दोष दिला, कोणी हवेतल्या विजेला, कोणी जमिनीला. इंग्लंडचे माइल्स बर्कली यांनी १८४६ मध्येच ही बुरशीची करामत असल्याचं म्हटलं होतं, पण ठोस प्रयोगाविना ते मत वादातच राहिलं.

कारण चुकलं की उपायही चुकतो. हवाच दोषी असेल तर शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही. पण दोषी एखादा जीव असेल, तर तो कुठून येतो, कुठे लपतो आणि त्याला कसं अडवायचं, हे शोधता येतं.

१८६१ : बटाट्याचा साधा प्रयोग

डी बारी यांनी केलेला प्रयोग आज शाळेतल्या मुलालाही समजेल. त्यांनी निरोगी बटाट्याची झाडं घेतली. काहींवर रोगट पानांवरचे बीजाणू पाण्यासोबत टाकले, काहींवर टाकले नाहीत. बाकी सगळं सारखं ठेवलं, दमट हवासुद्धा. बीजाणू टाकलेली झाडं रोगाने काळी पडली. न टाकलेली निरोगी राहिली.

पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूचा प्रवास पाहिला. बीजाणूतून पाण्यात पोहणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात, पानावर स्थिरावतात, त्यांना बारीक कोंब फुटतो, तो पानाची त्वचा भेदून आत शिरतो, पेशींच्या मधून धागे पसरवतो आणि मग पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून नवे बीजाणू घेऊन बाहेर येतो. सुरुवात बीजाणूपासून, शेवटही बीजाणूवर. म्हणजे हा सडक्या रसातून उगवलेला पुरळ नव्हता. तो बाहेरून आत आलेला, स्वतःचं जीवनचक्र असलेला जीव होता.

हे १८६१ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा ते ३० वर्षांचे होते. एखादा विशिष्ट सूक्ष्मजीव विशिष्ट रोग घडवतो, हे रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सच्या बाबतीत दाखवलं १८७६ मध्ये. म्हणजे १५ वर्षं आधी तोच विचार बटाट्याच्या पानावर सिद्ध झाला होता.

१८७६ मध्ये डी बारी यांनी या जीवाला 'फायटॉफ्थोरा' असं नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झाडांचा नाश करणारा. आपल्याकडे बटाटा आणि टोमॅटोवर ढगाळ हवेत येणारा उशिरा करपा, तो हाच. आजचे शास्त्रज्ञ त्याला खरी बुरशी मानत नाहीत, तो बुरशीसारखा दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला जीव आहे. पण रोजच्या बोलण्यात तो बुरशीच राहिला आहे.

एक बुरशी, दोन घरं

गव्हाच्या तांबेऱ्याचं कोडं आणखी गुंतागुंतीचं होतं. बार्बेरी हे आपल्या दारुहळदीच्या कुळातलं एक काटेरी झुडूप. ते बांधावर असलं की शेजारचा गहू तांबेऱ्याने जातो, असं युरोपातले शेतकरी पिढ्यानपिढ्या सांगत होते. काही ठिकाणी तर ही झुडपं तोडायचे कायदेही झाले होते. शिकलेले लोक याला अडाणी समजूत म्हणत, कारण बार्बेरीवरची बुरशी आणि गव्हावरची बुरशी दिसायला पूर्ण वेगळी होती.

डी बारी यांनी गव्हावरच्या तांबेऱ्याचे बीजाणू बार्बेरीच्या कोवळ्या पानांवर रुजवून पाहिले. त्यातून बार्बेरीवरची 'वेगळी' बुरशी उगवली. १८६५ च्या सुमाराला त्यांनी सिद्ध केलं की या दोन बुरश्या नाहीतच. एकच बुरशी आयुष्याचा एक भाग गव्हात आणि दुसरा बार्बेरीत काढते. शेतकरी बरोबर होते.

'आत' म्हणजे फक्त आत

१८६६ मध्ये डी बारी यांनी बुरशी, दगडफूल आणि श्लेष्मबुरशी यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी झाडावर राहणाऱ्या बुरश्यांचे दोन गट केले. पृष्ठभागावर राहणाऱ्या त्या एपिफाइट. ऊतींच्या आत राहणाऱ्या त्या एंडोफाइट.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्यांच्या या शब्दात बुरशी चांगली की वाईट, याचा निवाडा नव्हता. तो फक्त पत्ता होता. आत राहते, एवढंच. त्यात पीक बुडवणाऱ्या बुरश्याही आल्या. पुढे शंभरेक वर्षांत या शब्दाचा अर्थ आक्रसला आणि आज एंडोफाइट म्हणजे निदान काही काळ तरी झाडाला दिसेल असा अपाय न करता आत राहणारा जीव, असं धरलं जातं.

दगडफुलावरून पेटलेलं भांडण

गोडा मसाला करताना आपण जे दगडफूल घालतो, ती एक वनस्पती नाही. बुरशी आणि शेवाळ या दोन वेगळ्या जीवांनी मिळून बनवलेलं ते एक शरीर आहे. डी बारी यांनी १८६६ च्या ग्रंथात काही दगडफुलांबाबत ही शक्यता सावधपणे मांडली होती. पुढच्या तीन वर्षांत स्वित्झर्लंडचे सिमोन श्वेंडेनर यांनी ती सगळ्याच दगडफुलांना लागू केली. त्यांनी बुरशीला मालक आणि शेवाळाला गुलाम ठरवलं. दगडफुलाचे अभ्यासक खवळले. आपण आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला, ती एक स्वतंत्र वनस्पतीच नाही, हे त्यांच्या पचनी पडेना.

डी बारी यांनी वेगळी वाट धरली. १८७८ मध्ये कासेल शहरात भरलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांच्या संमेलनात त्यांनी एक व्याख्यान दिलं. विषय होता सिम्बायोसिस. दगडफुलासोबत त्यांनी अ‍ॅझोलाचंही उदाहरण दिलं. हो, तोच अ‍ॅझोला जो आज आपल्याकडे जनावरांच्या खाद्यासाठी टाक्यांमध्ये वाढवतात आणि भाताच्या खाचरात सोडतात. त्याच्या पानाच्या पोकळीत एक निळं-हिरवं शेवाळ राहतं.

वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र राहणं, एवढाच त्यांच्या सिम्बायोसिसचा अर्थ होता. त्यात एकमेकांना मदत करणारे आले, एकमेकांशी देणंघेणं नसलेले आले आणि एक दुसऱ्याला खाणारे परजीवीही आले. आज आपण सहजीवन म्हटलं की दोघांचा फायदा गृहीत धरतो. डी बारी यांना मैत्री आणि शत्रुत्व ही एकाच पट्टीची दोन टोकं वाटत होती, आणि मधल्या जागेत बरंच काही असू शकतं हे त्यांना दिसत होतं. ज्या माणसाने परजीवी बुरशीचा गुन्हा सिद्ध केला, त्यानेच आत राहणारा प्रत्येक जीव गुन्हेगार नसतो याला जागा करून दिली.

स्ट्रासबुर्ग आणि विद्यार्थ्यांची शाळा

हालं विद्यापीठात काही वर्षं काढून डी बारी १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गला आले. दोनच वर्षांपूर्वी, फ्रान्स आणि प्रशिया यांच्या युद्धात या शहरावर तोफा डागल्या गेल्या होत्या आणि तिथलं मोलाचं ग्रंथालय जळून गेलं होतं. युद्धानंतर शहर जर्मनीकडे गेलं आणि तिथे नव्याने विद्यापीठ उभारलं जात होतं. डी बारी यांनी सुरुवातीच्या काळात या विद्यापीठाचं रेक्टरपद सांभाळलं. १८८४ मध्ये खुली झालेली वनस्पती बागही त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली.

त्यांच्या प्रयोगशाळांमध्ये देशोदेशींचे विद्यार्थी येत. अमेरिकेचे विल्यम फार्लो आले. इंग्लंडचे मार्शल वॉर्ड आले, ज्यांनी श्रीलंकेत कॉफीच्या तांबेऱ्याचा शोध घेतला. रशियाचे सर्गेई विनोग्राड्स्की आले, ज्यांनी पुढे मातीतल्या जिवाणूंचं जग उलगडलं. त्याआधी फ्रायबुर्गमध्ये शिकून गेलेले फ्रान्सचे पिएर मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचा उपाय १८८५ मध्ये जगासमोर ठेवला. तेच आपलं बोर्डो मिश्रण. नाशिकचा द्राक्ष बागायतदार आणि कोकणातला सुपारीवाला आजही ते फवारतो.

आणि याच स्ट्रासबुर्गमधून एक विद्यार्थी थेट खारफुटीत पोहोचला.

चिखलात उतरलेला शिष्य

आंद्रेआस शिम्पर स्ट्रासबुर्गचेच. सिम्बायोसिसचं व्याख्यान झालं त्याच १८७८ साली त्यांनी तिथे डॉक्टरेट मिळवली. वनस्पतींच्या पेशींतल्या हिरव्या कणांना त्यांनी 'क्लोरोप्लास्टिड' हे नाव दिलं. हे कण कधीकाळी स्वतंत्र जीव असावेत आणि पेशीत येऊन राहिले असावेत, अशी शंका त्यांनी १८८३ मध्ये नोंदवली. आज ही गोष्ट विज्ञानाने मान्य केली आहे. प्रत्येक हिरवं पान हे मुळात कोणीतरी कोणाच्या तरी आत राहायला आल्याने घडलं आहे.

शिम्पर पुढे श्रीलंका आणि जावाला गेले आणि तिथल्या किनारी झाडांवर त्यांनी १८९१ मध्ये ग्रंथ लिहिला. खारफुटीच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या अभ्यासांमध्ये त्याची गणना होते. मुळं पाण्यात बुडालेली असूनही खारटपणामुळे झाडाला पाणी शोषायला त्रास होतो, म्हणजे पाण्यात उभं राहून दुष्काळ सोसावा लागतो, असा विचार त्यांनी मांडला.

गुरूंनी हा ग्रंथ पाहिला नाही. डी बारी यांना जबड्याचा ट्यूमर झाला होता. १९ जानेवारी १८८८ रोजी, ५७ व्या वाढदिवसाच्या एक आठवडा आधी, स्ट्रासबुर्गमध्ये त्यांचं निधन झालं.

खारफुटीच्या पानात आज काय दिसतं?

खारफुटी हा डी बारी यांचा विषय नव्हता. पण त्यांनी घालून दिलेला प्रश्नांचा क्रम आज तिथेच उपयोगी पडतो. आत कोण आहे? ते कुठून आलं? त्याचं आयुष्य कसं पूर्ण होतं? आणि मग शेवटी, ते झाडाचं भलं करतं की बुरं?

तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीत १९९० च्या दशकात भारतीय संशोधकांनी कांदळाच्या पानांतल्या एंडोफाइट बुरश्यांचा अभ्यास केला. अशा अभ्यासांतून काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसल्या आहेत. कोवळ्या पानापेक्षा जून पानात बुरशी जास्त सापडते. कारण बहुतेक बुरश्या झाडाच्या बियांमधून वारशाने येत नाहीत, तर हवेतून आणि पाण्यातून उडत-वाहत आलेले बीजाणू पानात शिरतात. पान जितके दिवस झाडावर, तितके भाडेकरू जास्त.

यातल्या कित्येक बुरश्या ज्या गटांतल्या आहेत, त्याच गटांतल्या काही बुरश्या इतर पिकांवर रोग आणतात. कोलेटोट्रिकम हे त्यातलं एक नाव. आंब्यावर करपा आणणारी बुरशी याच गटातली. खारफुटीच्या पानात मात्र तिचे भाऊबंद गप्प राहतात.

मग पान पिकतं, गळतं आणि चिखलात पडतं. आता आतल्या काही बुरश्या जाग्या होतात आणि पान कुजवायला घेतात. बाहेरच्या बुरश्या येण्याआधीच त्या आत हजर असतात. या कुजलेल्या पानांवर खेकडे आणि बारीक जीव जगतात, त्यांच्यावर कोळंबी आणि मासे जगतात आणि माशांवर कोळीवाडा. जिवंत पानात गप्प असलेला भाडेकरू मेलेल्या पानाचं खत करतो. त्याला मित्र म्हणायचं की शत्रू? डी बारी यांच्या शब्दात याचं उत्तर आहे : तो आत राहतो. त्याचं वागणं वेळेवर आणि परिस्थितीवर ठरतं.

या बुरश्या अनेक प्रकारची रसायनं तयार करतात, म्हणून औषधांच्या शोधातही त्यांच्याकडे पाहिलं जातं. पण प्रयोगशाळेतल्या बशीत एखाद्या रसायनाने जंतू मारणं आणि त्याचं औषध बनून मेडिकलच्या दुकानात येणं, यात खूप मोठं अंतर असतं. त्यामुळे 'खारफुटीतून कॅन्सरवर औषध' असा मेसेज फोनवर आला, तर लगेच पुढे पाठवू नका.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

महाराष्ट्राने २०१२ मध्ये खारफुटीसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तरीही रस्ता, पूल किंवा वसाहत आली की किती झाडं तुटणार आणि त्या बदल्यात किती लावणार, असा हिशेब मांडला जातो.

या हिशेबात झाडाच्या आतले रहिवासी कुठेच नसतात. रोपवाटिकेतून आणलेलं रोप चिखलात रोवलं, तरी त्याच्या पानात आणि मुळात बुरश्यांची वस्ती व्हायला वेळ जातो, आणि ती वस्ती येते आजूबाजूच्या जुन्या जंगलातून. जुनं जंगलच नसेल, तर बीजाणू येणार कुठून?

बुरशी आपोआप उगवत नाही, ती कुठून तरी यावी लागते. डी बारी यांनी हे बटाट्याच्या पानावर दाखवलं, त्याला आता १६० वर्षांहून जास्त काळ झाला. पुढच्या वेळी दहा झाडांच्या बदल्यात शंभर रोपं, असा आकडा वाचाल, तेव्हा एवढं जरूर विचारा : जवळ जुनी खारफुटी किती उरली आहे?